बाळाचं वजन ग्रॅममध्ये, आईचं रक्त अंदाजानं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. आत जी मुलगी होती ती माझ्या नात्यातली नाही, पण तिची नाळ मी कापली होती. सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "मुलगा झाला, आजी. आई-बाळ दोघंही ठीक आहेत." मी विचारलं, "अंगावरून किती गेलं?" तिला हा प्रश्न जरा वेगळाच वाटला असावा. म्हणाली, "नेहमीएवढंच. काळजी करू नका."

मुलगी खरंच ठीक आहे. सिस्टरचं काही चुकलं असंही मी म्हणत नाही. पोरगी मनापासून काम करते, त्या रात्री एकटी तीन बायका सांभाळत होती. पण ‘नेहमीएवढंच’ हा शब्द कानावर पडला आणि माझ्या पोटात गोळा आला. याच मुलीच्या आईबद्दल १९९४ साली मी रजिस्टरात हाच शब्द लिहिला होता.

मी चंदगड तालुक्यातली निवृत्त आरोग्यसेविका. लोकांच्या तोंडी नर्सबाई. १९८५ पासून ३३ वर्षं उपकेंद्रांत काढली. सुरुवातीच्या काळात बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची. रात्री-अपरात्री बोलावणं आलं की पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. किती बाळंतपणं केली याचा आकडा माझ्याकडे आहे, पण तो सांगण्यासाठी हे पत्र नाही. त्यातल्या एका बाळंतपणाबद्दल लिहायचं आहे.

आषाढ होता. ताम्रपर्णीला पाणी चढलं होतं. बाईचं तिसरं बाळंतपण, आधीची दोन्ही सुखरूप झालेली, त्यामुळे कुणाच्या मनात धास्ती नव्हती, माझ्याही नव्हती. दिवेलागणीला मुलगी झाली. दहा मिनिटांत वार पडली. मी ती उलटसुलट करून कंदिलापाशी नीट पाहिली, पूर्ण होती. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, २ किलो ६०० ग्रॅम. तसं रजिस्टरात लिहिलं. त्याच ओळीत पुढे आईच्या रक्तस्रावाची नोंद करायची होती. बाईखाली जुनी गोधडी, तिच्याखाली गोणपाट, खाली शेणानं सारवलेली जमीन. गोधडी गडद रंगाची. मी वरवर पाहिलं आणि लिहिलं, ‘नेहमीएवढा’. सासू म्हणाली, "घाण जाऊ दे सगळी बाहेर, पुढं बरं असतं." हे आमच्याकडे सगळ्याच घरांत म्हणतात. मी त्यावर काही बोलले नाही.

तासाभरानं बाई जांभया देऊ लागली. पाणी मागितलं. पुन्हा मागितलं. हात गार लागला, नाडी भराभर चालत होती. मी गोधडी काढायला गेले तर ती एका हातानं उचलेना. दोन्ही हातांनी ओढावी लागली, इतकी ती भिजून जड झाली होती. गर्भाशय आवळणारं मेथर्जिनचं इंजेक्शन दिलं आणि गुण येतो का म्हणून वाट पाहिली. पोट चोळलं, पुन्हा वाट पाहिली. गावातली जीप आली तोवर नऊ वाजले होते. पुलावर पाणी, म्हणून लांबच्या वाटेनं निघालो. आम्हाला मोठ्या उपचारासाठी बेळगावच जवळ, कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. बेळगावही आलं नाही. बाई माझ्या मांडीवर गेली.

त्या घरच्यांनी मला कधी दोष दिला नाही. मुलीच्या बारशाला बोलावलं, दहावीचे पेढे आणून दिले, लग्नात मानानं साडी नेसवली. पण ज्या काट्यावर मुलीचं वजन केलं तो काटा त्या घरात तुळईला तसाच लटकत होता, आणि ती गोधडी त्यावर घालावी असं मला सुचलं नाही, हे मी विसरलेले नाही. आपण बाळाचं वजन ग्रॅममध्ये लिहितो आणि आईचं रक्त शब्दात.

वाचकांसाठी थोडं उघड करून सांगते. वार जिथं चिकटलेली असते तिथल्या रक्तवाहिन्या वार सुटल्यावर उघड्या पडतात. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त वाहत असतं. गर्भाशयाचे स्नायू आवळले की त्यांच्या जाळीत त्या वाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. स्नायू ढिले पडले तर धार लागते. बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचं हेच सर्वांत मोठं कारण. वारेचा तुकडा आत राहणं, मार्ग फाटणं, रक्त गोठण्यात दोष असणं ही बाकीची. २४ तासांत ५०० मिली किंवा त्याहून जास्त गेलं तर त्याला जादा रक्तस्राव म्हणायचं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण ५०० मिली म्हणजे डोळ्यांना किती दिसतं, हे कुणी शिकवलं नव्हतं. गोधडीत, मातीत, पाण्यात मिसळलेलं अर्धा लिटर ओळखायचं कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं काम आमच्या शेजारीच झालं, आणि मला ते निवृत्त झाल्यावर कळलं, याची फार खंत वाटते. माझी भाची नर्सिंग कॉलेजात शिकवते. तिनं इंग्रजी निबंध वाचून मला अर्थ सांगितला, मी वहीत उतरवून घेतला. पुढचे आकडे त्या वहीतले आहेत.

बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातले डॉक्टर आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून एक साधी प्लास्टिकची चादर तयार केली. ती बाळ बाहेर आल्यावर बाईच्या कमरेखाली सरकवायची. खालच्या टोकाला तिची निमुळती पिशवी होते, त्यात रक्त गोळा होतं आणि पिशवीवर मापाच्या रेघा असतात. दूध मोजायचं मापटं असतं तसंच म्हणा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्यांनी १२३ बाळंतिणींचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एकीकडे नजरेनं अंदाज, दुसरीकडे पिशवीनं माप. नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सरासरी ३३ टक्के कमी निघाला. हे २००६ साली छापून आलं. म्हणजे नजर चुकते ती कमी दाखवण्याच्याच बाजूनं, आणि रक्त जितकं जास्त जातं तितकी ती जास्त चुकते. हे वाचून झाल्यावर मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले होते. माझी एकटीची नजर अधू होती असं मी इतकी वर्षं समजत होते.

त्याच पिशवीच्या मदतीनं बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात आणखी मोठी चाचणी झाली. ती ज्यांनी केली त्या माझ्यासारख्याच एएनएम, म्हणजे आरोग्यसेविका होत्या, २५ जणी. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायका त्यात होत्या. निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. जादा रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. एक लिटरच्या वरचा १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. थंडी वाजणं आणि ताप येणं हा त्रास झाला, पण तो थोड्या वेळचा. या गोळ्यांना फ्रीज लागत नाही, सुई लागत नाही. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसलेल्या उपकेंद्रात ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

निम्म्या बायकांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या, हे बरोबर होतं का, असा प्रश्न कुणीही विचारील आणि विचारायलाच हवा. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या काळी त्या खेड्यांत एएनएमच्या हातात यासाठी नेमानं द्यायचं कुठलंच औषध नव्हतं, त्या वाट पाहत आणि लक्ष ठेवत. औषध न मिळालेल्या निम्म्या जणी नेहमीसारख्याच बाळंत झाल्या, उलट त्यांचं रक्त कुणीतरी मोजत होतं. तरीही त्यांनी आपल्या जिवाची जोखीम देऊन जगाला एक उत्तर दिलं, हे खरं आहे. अशा उत्तराचं पहिलं देणं त्याच गावांना आणि शेजारच्या तालुक्यांना लागतं. सीमेच्या अलीकडे, चाळीस-पन्नास किलोमीटरवर मी त्या वर्षांत बाळंतपणं करत होते, आणि माझ्यापर्यंत यातली रेघ असलेली पिशवी काय, नुसती बातमीही पोचली नाही. राज्य वेगळं, खातं वेगळं, भाषा वेगळी. रक्त तेवढं दोन्हीकडे सारखंच वाहतं.

यानंतरचं काम आफ्रिकेत झालं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतली ८० रुग्णालयं, योनीमार्गे बाळंत झालेल्या २ लाख १० हजार १३२ बायका. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकारानं झालेल्या या चाचणीला ई-मोटिव्ह म्हणतात. मे २०२३ मध्ये तिचा निष्कर्ष आला. तिची मांडणी मला फार आवडली. पिशवी दोन्ही गटांतल्या रुग्णालयांत होती. एका गटात तिच्यावर रेघा होत्या, दुसऱ्यात नव्हत्या, तिथलं रक्त संशोधनासाठी नंतर वजन करून मोजलं जाई. रेघांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिली होती, ती म्हणजे रेघ गाठली की काय करायचं याचं पक्कं वळण. गर्भाशय चोळायचं, ते आवळणारं औषध द्यायचं, रक्ताची गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्यायचं, सलाईन लावायचं, रक्त कुठून येतंय ते तपासायचं आणि थांबत नसेल तर वरच्यांना बोलवायचं. हे सगळं एकदम. एक करून पाहू, गुण आला नाही तर दुसरं, असं नाही.

आधी ज्या रुग्णालयांत नेहमीची पद्धत होती तिथं जादा रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी साधारण निम्म्याच ओळखल्या जात होत्या, ५१ टक्के. रेघांच्या रुग्णालयांत ९३ टक्के. सगळे उपचार मिळून मिळालेल्या बायका नेहमीच्या पद्धतीत १९ टक्के, इकडे ९१ टक्के. आणि शेवटी जे मोजायचं होतं, म्हणजे एक लिटरच्या वर रक्त जाणं, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावानं मृत्यू, ते ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. यातली घट मुख्यतः एक लिटरच्या वरच्या रक्तस्रावातली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण यातलं एकही औषध नवीन नाही. चोळायला हात लागतो, सलाईन सगळीकडे असतं. नवी होती ती रेघ, आणि रेघेला दिलेला मान.

‘एकदम’ या शब्दावर मी थांबते, कारण १९९४ च्या रात्री मी नेमकं उलट केलं होतं. इंजेक्शन दिलं, वाट पाहिली. चोळलं, वाट पाहिली. तसंच शिकवलं होतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तर माझ्या पेटीत कधीच नव्हतं.

या औषधाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोनं ते शोधलं, १९६२ साली त्याबद्दल लिहिलं. उताकोबाई तान्ह्या मुलीला पाठीशी बांधून प्रयोगशाळेत काम करायच्या. बाळंतपणातल्या रक्तस्रावावर ते वापरून पाहावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण कोबेतल्या डॉक्टरांना त्या पटवू शकल्या नाहीत. २०१७ साली २१ देशांतल्या १९३ रुग्णालयांत २०,०६० बायकांवर झालेल्या चाचणीचा निकाल लागला. बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत औषध दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशानं घटले, १.७ टक्क्यांवरून १.२ टक्क्यांवर. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. पुढे असंही दिसून आलं की औषधाला होणाऱ्या दर १५ मिनिटांच्या उशिरानं त्याचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटत जातो, आणि तीन तासांनंतर काहीच उरत नाही. म्हणून मी पुन्हा पुन्हा रेघेवर येते. औषध कपाटात असून काय उपयोग, जर बाई जांभया द्यायला लागल्यावरच आपल्याला कळणार असेल?

दुसरी एक चाचणी मला तितकीच महत्त्वाची वाटते, आणि ती फसलेली आहे. रक्त कमी असलेल्या बायकांना बाळ झाल्याबरोबर, रक्तस्राव सुरू होण्याआधीच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड दिलं तर तो टळेल का, हे पाहायला पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबिया इथल्या १५ हजारांवर बायकांवर ती झाली. २०२३ मध्ये उत्तर आलं, टळत नाही. औषध मिळालेल्यांत ७ टक्के, न मिळालेल्यांत ६.६ टक्के. असं उत्तर छापून यायला धीर लागतो. आणि त्यातून आपल्यासाठी जे निघतं ते सरळ आहे. बाळंतपणाच्या दिवशी एक इंजेक्शन देऊन नऊ महिन्यांचा अशक्तपणा भरून निघत नाही. देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२ टक्के. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात दिवसभर उकिडवं बसून बिया फोडणाऱ्या गरोदर पोरी मी पाहिल्या आहेत, हिमोग्लोबिन सात-आठ. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून त्या गोळ्या उतरंडीत टाकून ठेवतात. अशा बाईचं ३०० मिली गेलं तरी ती धडधाकट बाईच्या ५०० मिलीइतकी खचते.

म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रसूतितज्ज्ञांच्या आणि सुईणींच्या जागतिक संघटनांबरोबर ज्या नव्या सूचना काढल्या त्या मला मोलाच्या वाटतात. ५०० मिलीची वाट पाहू नका, असं त्या सांगतात. ३०० मिली गेलं आणि नाडी, रक्तदाब यांत काही बिघाड दिसला तर तिथंच उपचार सुरू करा. आणि रक्त मापाच्या पिशवीनं मोजा. जगात दर वर्षी लाखो बायकांना हा त्रास होतो आणि सुमारे ४५ हजार जणी त्यात जातात, असा त्यांचा अंदाज आहे.

आपल्याकडे कुणी म्हणेल की महाराष्ट्रात आता हा प्रश्न उरला कुठे? २०१८ ते २०२० या काळात देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. हे आकडे मिळवण्यात माझ्या पिढीच्या नर्सबायांचे आणि आशाताईंचे पाय झिजले आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पण आकड्यात मोजल्या जातात त्या गेलेल्या. गर्भाशय काढून जगलेल्या, तिशीच्या आत पाळी गेलेल्या, सहा बाटल्या रक्त चढवून घरी आलेल्या, पुढं दूधच न आलेल्या बायका त्या आकड्यात नसतात. त्या माझ्या गावात राहतात. बाजारात भेटतात. आणि आता बाळंतपणं जवळजवळ सगळी दवाखान्यातच होतात, म्हणजे गोधडी आणि कंदील ही सबब उरलेली नाही. टेबल आहे, दिवा आहे, प्रशिक्षित सिस्टर आहे. तरीही खाली मॅकिंटॉश म्हणजे रबरी चादर, त्यावर कापड, आणि कापडाकडे पाहून अंदाज.

जंतुसंसर्गाबद्दल एक सांगून पुढे जाते, कारण त्यातही आपला वाटा आहे. कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या जंतू मारणाऱ्या औषधाचा २ ग्रॅमचा एकच डोस तोंडानं दिला तर आईला रक्तात संसर्ग होण्याचं किंवा दगावण्याचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येतं, हे २०२३ साली २९ हजारांवर बायकांच्या चाचणीत दिसलं. बाळांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. सात देशांत झालेल्या या चाचणीत भारतातली दोन ठिकाणं होती, बेळगाव आणि आपलं नागपूर. पूर्वी ‘बाळंतरोग’ म्हणून ज्याला हात टेकायचे त्याबद्दलचं उत्तर विदर्भातल्या बायकांनी दिलं आहे. सरसकट प्रत्येकीला हे औषध द्यावं का, जंतू त्याला सरावतील का, हे तज्ज्ञांनी ठरवावं. मला एवढंच वाटतं की नागपूरकडच्या ज्या मायबहिणींनी संमतीच्या कागदावर सही-अंगठा केला, त्यांच्या गावच्या चावडीवर त्याचा निकाल मराठीत लागला पाहिजे.

आता माझं मागणं. मापाच्या रेघा असलेली पिशवी प्रत्येक बाळंतपणाच्या टेबलाला हवी, सरकारी आणि खासगी दोन्हीकडे, उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. ती मोठं यंत्र नाही, तिला वीज लागत नाही, दुरुस्तीला मुंबईहून माणूस येत नाही. रजिस्टरात रक्तस्रावाच्या रकान्यात शब्द चालू नयेत, आकडा हवा. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी रेघ पाहायची आणि नाडी-रक्तदाबाबरोबर लिहायची. टेबलाशेजारी एक तयार ट्रे, त्यात त्या एकदम करायच्या सगळ्या गोष्टी, म्हणजे किल्ली कुणाकडे आहे हे शोधायला लागू नये. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवलंच पाहिजे, खिडकीतल्या ट्रेमध्ये आठवडाभर पडलेली कुपी म्हणजे नुसतं पाणी टोचल्यासारखं. जिथं फ्रीजचा भरवसा नाही तिथं त्याच कामाचं, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन आहे. २०१८ मध्ये भारतासह दहा देशांतल्या जवळपास ३० हजार बायकांच्या चाचणीत ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं आहे. ते आमच्यासारख्या पावसाळी, डोंगराळ तालुक्यांना आधी मिळावं.

आणि पिशवी मिळेपर्यंत? काटा तर प्रत्येक ठिकाणी आहे. बाळाचं वजन करायचा. कोरडं कापड आधी तोलून ठेवा, भिजलेलं नंतर तोला. जितके ग्रॅम जास्त, साधारण तितके मिली रक्त. यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट पाहायला नको. आज रात्रीच्या पाळीपासून करता येईल. ज्या सिस्टर हे पत्र वाचतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा करून पाहा. पहिल्याच आठवड्यात तुमचा अंदाज आणि काटा यांत किती फरक पडतो ते तुम्हालाच दिसेल.

घरच्या मंडळींनाही एक सांगणं आहे. "घाण जाऊ दे" हे म्हणणं सोडा. ते रक्त तिचं आहे, तिच्या कामाचं आहे. सूनबाई जांभया देते, पाणी-पाणी करते, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणते, तर ती थकली म्हणून झोपवू नका, सिस्टरला हाक मारा.

बाळंतपणाच्या आठव्या दिवशी त्या मुलीला भेटायला गेले होते, तिच्या टाक्यांची तपासणी होती. भाचीनं वर्गात दाखवायला आणलेली एक पिशवी मी मुद्दाम बरोबर नेली होती. त्याच सिस्टरला दाखवली. तिनं ती उलगडून टेबलावर पसरली, ३०० च्या रेघेवर बोट ठेवलं, मग ५०० च्या, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आजी, ही आम्हाला कुणाकडं मागायची?"

मला तिला उत्तर देता आलं नाही. आरोग्य खात्यातल्या कुणी हे पत्र वाचलं तर त्यांनी आपल्याच वर्तमानपत्रातून ते द्यावं, म्हणजे ते तिच्याबरोबर बाकीच्या सिस्टरांनाही कळेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. चंदगड, जि. कोल्हापूर

(वर लिहिलेल्या कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून कृपया माझं नाव व गाव छापू नये.)